शंभर टक्क्यांचा रकाना

माणूस ऑटोमॅटिक गाडी का घेतो? गिअर कधी बदलायचा याची कटकट गाडीने करावी आणि आपण समोर बघत गाणी ऐकावीत, म्हणून. पण गाडी जरा जोरकस निघाली, की तोच माणूस रात्री बारा वाजता गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसतो आणि गाडीला शिकवू लागतो, की बाई गं, गिअर नेमका कधी बदलायचा असतो. यात काही विसंगती आहे असं आपण सुचवलं, तर तो आपल्याकडे दयेने बघतो. मिशिगनला गेलो की आमचे भाऊजी माझ्याकडे असंच बघत असतात.

भाऊजी लिव्होनियाला राहतात, म्हणजे डेट्रॉईटच्या कुशीत. स्वयंचलित गिअरचा सगळा खटाटोप या परिसराने जगाच्या गळ्यात घातला. १९४० च्या ओल्ड्समोबिलबरोबर जनरल मोटर्सने ५७ डॉलर जादा घेऊन हायड्रा-मॅटिक नावाचा गिअरबॉक्स दिला आणि क्लचचं पेडलच काढून टाकलं. चार गिअर, आपले आपण पडणारे. पुढे महायुद्धात एम-५ स्टुअर्ट रणगाड्यात कॅडिलॅकची दोन इंजिनं आणि दोन हायड्रा-मॅटिक बसवले. समोरून तोफगोळे येत असताना सैनिकाला ‘आता दुसरा टाकू की तिसरा’ हा प्रश्न पडू नये, हा विचार सूज्ञच म्हणायचा. युद्धानंतर रोल्स-रॉइसनेही हाच गिअरबॉक्स परवाना घेऊन वापरला. १२ ऑगस्ट १९५३ ला लिव्होनियातला त्याचा कारखाना जळून खाक झाला, तेव्हा सगळं बिऱ्हाड विलो रनला हलवलं, जिथे आधी बॉम्बफेकी विमानं बनत होती. थोडक्यात, ही वस्तू रणगाड्याला चालली, रोल्स-रॉइसला चालली. भाऊजींना चालत नाही.

भाऊजींची गाडी म्हणजे १९९९ ची कॅमेरो झेड-२८. त्यांच्या आधी दोन मालकांनी ती उपभोगलेली. ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, ३०५ हॉर्सपॉवर. भाऊजींनी नोकरीची सगळी वर्षं वायपरमध्ये काढली. काचेवरचं पाणी पुसणाऱ्या त्या रबरी पट्टीवर त्यांच्याइतका विचार केलेला मराठी माणूस दुसरा नसेल. निवृत्त झाल्यावर लोक ज्ञानेश्वरी उघडतात किंवा गुडघे बदलून घेतात. भाऊजींनी कॅमेरो घेतली. ताईची एकच अट होती : “ऑटोमॅटिक घ्या, म्हणजे माझा डावा गुडघा मध्ये येणार नाही.” तिला गिअरची भीती मुळीच नव्हती. ती पुण्यात प्रीमियर पद्मिनीवर शिकलेली, जिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगखालून निघायचा आणि ज्याला दुसरा गिअर सापडला तो भाग्यवान समजला जायचा.

जुन्या गाड्यांमध्ये गिअर कधी पडावा हे बदलायला लॅपटॉप लागत नसे, कानस लागत असे. भाऊजींच्या पलीकडच्या घरात एक गोरे आजोबा राहतात. विलो रनच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे टर्बो ४०० गिअरबॉक्सची जुनी शेव्हेल आहे आणि कॉफीचा एक पत्र्याचा डबा आहे. डब्यात गव्हर्नरची वजनं, स्प्रिंगा आणि कशाचा काय परिणाम झाला याच्या तेलकट चिठ्ठ्या.

त्यांनी मला जे समजावलं ते इतकं सुंदर होतं, की इंग्रजी अर्धं कळूनही मी भारावलो. गिअरबॉक्समध्ये मागच्या अंगाला गव्हर्नर असतो. गाडीचा वेग वाढला की त्याची फिरती वजनं बाहेर फेकली जातात आणि तेलाचा दाब वाढतो. हा दाब म्हणतो, ‘बदल आता गिअर.’ दुसरीकडे मॉड्युलेटर नावाची डबी इंजिनातल्या पोकळीवरून ओळखते, की पाय किती दाबलेला आहे. तिचा दाब म्हणतो, ‘थांब, साहेबांना घाई आहे, अजून ओढू दे.’ या दोघांच्या मध्ये बोटाएवढा एक व्हॉल्व्ह. ज्याचा जोर जास्त, त्याचं ऐकून तो सरकतो आणि गिअर पडतो. संगणक नाही. तेलाने तेलाशी घातलेला वाद, आणि तो दरवेळी निकाली निघतो. आपल्याकडे किती संस्थांबद्दल असं म्हणता येईल?

गिअर उशिरा पडावा असं वाटलं तर वजनं हलकी करायची, म्हणजे घासायची. थोडं घासायचं, बसवायचं, रस्त्यावर पाय पूर्ण दाबून बघायचं, परत यायचं, गाडीखाली शिरायचं, झाकण काढायचं. त्या वेळी गरम लाल तेल मनगटावरून बाहीत आणि बाहीतून काखेत जातं. आजोबांनी हे काख वर करून दाखवलं. आणि एक कण जास्त घासलं, तर गिअर पडायचं नावच घेत नाही. घासलेलं लोखंड परत चिकटत नाही, म्हणून तो डबा. मॉड्युलेटरचा पडदा फाटला तर आणखी मौज. इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचं तेल पिऊ लागतं आणि मागून पांढरा धूर निघतो. मालक घाबरून इंजिन उघडायला निघतो, आणि गिअरबॉक्स शांतपणे रिकामा होत राहतो.

मधल्या पिढीत, १९८२ पासूनच्या ७००आर४ मध्ये, मॉड्युलेटरची सगळी जबाबदारी एका केबलवर आली. ती केबल जरा ढिली राहिली, की दाब कमी पडून आतले क्लच घसरत घसरत जळतात. त्या केबलचं नाव काढलं तरी आजोबा विषय बदलतात.

भाऊजींच्या गाडीतला ४एल६०-ई या भानगडीतून सुटलेला. त्यात गिअर ठरवायला दोन सोलेनॉइड. दोन्ही चालू असले तर पहिला, नुसता बी चालू तर दुसरा, दोन्ही बंद तर तिसरा, नुसता ए चालू तर चौथा. दोन बटणांत चार गिअर. वीज गेलीच तर गाडी आपोआप तिसऱ्यावर येऊन रडतखडत घरी पोचते. बटणं केव्हा दाबायची हे संगणक एका तक्त्यात बघतो. उभे रकाने ॲक्सिलरेटर किती टक्के दाबला त्याचे, शून्यापासून शंभरपर्यंत. आडव्या ओळी गिअरच्या. प्रत्येक चौकटीत एक वेग. इतका वेग झाला, की बदल.

गाडीचा सगळा स्वभाव या चौकटींत लिहिलेला असतो. आणि ज्या कोणाला म्हणून हा तक्ता उघडता येतो, तो डावीकडच्या सगळ्या चौकटींवरून झरकन पुढे सरकून सरळ शेवटच्या, शंभर टक्क्यांच्या रकान्यावर येऊन बसतो. पाय तळापर्यंत दाबल्यावर काय व्हावं, हा तो रकाना. लिव्होनियाच्या रस्त्यावर, जिथे मर्यादा ताशी ३५ मैलांची आहे, तिथे त्या रकान्यात माणूस सलग किती वेळ राहू शकतो? पोलीस दिसेपर्यंत. पण संशोधन सगळं तिथे.

या संशोधनात एक गोष्ट खरोखर विचार करण्यासारखी आहे, म्हणून सांगतो. कॅमेरोचं इंजिन सगळ्यात जास्त ताकद ५२०० आरपीएमला देतं. नवशिक्या म्हणतो, मग ५२०० ला गिअर बदलावा, त्यानंतर ताकद उतरतेच आहे. ऐकायला पटतं आणि साफ चूक आहे. कारण गिअर बदलल्यावर इंजिन तिथेच राहत नाही, खाली पडतं. या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.०६ चा आणि दुसरा १.६३ चा. म्हणजे ६००० ला बदलला तर इंजिन जवळजवळ ३२०० वर येऊन आदळतं. ५२०० ला बदलला तर २७७० वर. तिथे त्या इंजिनात दम कुठला? शिवाय दुसऱ्या गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर पहिल्याच्या निम्म्यावर येतो. तेव्हा पहिल्या गिअरमध्ये इंजिन धापा टाकत असलं तरी सोडायचं नाही, इंजिन फार फिरू नये म्हणून संगणक जिथे पेट्रोल तोडतो त्याच्या अलीकडेपर्यंत ओढायचं. दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाताना दरी लहान असते, ६००० वरून ३६८० वर, म्हणून तिथे घासाघीस करता येते. किती, हा वादाचा मुद्दा. आणि वाद घालायला डेट्रॉईटच्या मराठी मंडळींइतकी पात्र माणसं जगात नाहीत.

गणपतीच्या जेवणात मी हा वाद ऐकला. ५८०० की ६०००? पुरुष मंडळी पुरणपोळीची ताटं हातात धरून उभी होती. त्यांतल्या एकाने सीटचा फोम केला होता, एकाने दाराचं रबर, एकाने ब्रेकचा होज, आणि भाऊजी वायपर. सगळ्यांनी उभी हयात गाड्यांत घालवलेली, त्यामुळे कोणीच कोणाचं ऐकत नव्हतं. फोमवाले म्हणाले, ५८०० च्या पुढे नुसता आवाज. रबरवाले म्हणाले, आवाज हवाय म्हणून तर व्ही-८ घेतात. ज्या एका गृहस्थांनी खरोखर ट्रान्समिशनमध्ये नोकरी केली होती, ते कोपऱ्यात बसून कटाची आमटी पीत होते. शेवटी कोणीतरी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “कंपनीने लावलंय ते बरंय.” क्षणभर शांतता झाली, आणि मग वाद पुन्हा ५८०० पासून सुरू झाला.

भाऊजींनी ६००० ठरवलं. त्या हिशेबाचा वेग चौकटीत भरला, पाय दाबला, आणि काटा ६००० ओलांडून थेट पेट्रोल तुटण्याच्या रेषेवर जाऊन थडकला. गाडी ढकढक करत अडखळली. संगणकाने हुकूम ६००० ला दिला होता, पण तेलाने वाट काढून क्लच घट्ट धरेपर्यंत वेळ जातो, आणि पहिल्या गिअरमध्ये इंजिन इतकं सुसाट चढतं, की तेवढ्यात दोन-चारशे आरपीएम पुढे निघून जातं. हे मात्र मला शिकवावं लागलं नाही. आमच्या घरी कुकर उतरायच्या आधीच आई “पानं वाढलीत” अशी हाक मारायची, कारण वडील, काका आणि आम्ही पोरं पाटावर येईपर्यंत भात वाढून होणार हे तिला ठाऊक असे. भाऊजींनी पहिल्या गिअरची हाक ५६०० ला मारायला सुरुवात केली. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन सावकाश चढतं, म्हणून तिथली हाक थोडी उशिरा. गाडी वेळेवर पानावर येऊ लागली.

इथे थांबले असते तर ते भाऊजी कसले? त्यांनी मागच्या ॲक्सलचा गिअर बदलला. मूळचा २.७३ चा होता, त्या जागी ३.७३ चा. याने गाडीला पिकअप खरोखर जबरदस्त आला. फक्त स्पीडोमीटर खोटं बोलू लागला. वेगाचा सेन्सर गिअरबॉक्सच्या शेपटीला असतो, चाकाला नसतो. त्याला मागे ॲक्सल बदलल्याचं कोण सांगणार? खरा वेग ६० असला की काटा ८२ दाखवी. गंमत म्हणजे गिअर मात्र बिनचूक पडत होते, कारण तक्त्यातला वेगही त्याच खोट्या हिशेबाने मोजला जात होता. खोटं सगळीकडे सारखं असलं, की व्यवहार सुरळीत चालतो.

पण भाऊजी पडले सत्यवचनी. त्यांनी संगणकाला ॲक्सल खरा सांगितला. काटा खरं बोलू लागला आणि गिअर पडायचे थांबले. तक्त्यात लिहिलं होतं, ताशी ५१ मैल झाले की दुसरा टाक. नव्या ॲक्सलवर पहिल्या गिअरमध्ये ५१ गाठायला इंजिनाला साडेसात हजारांच्या वर फिरावं लागलं असतं, आणि पेट्रोल तुटत होतं ४० मैलांच्या आसपास. गाडी बिचारी कधीच न येणाऱ्या ५१ ची वाट बघत जागच्या जागी किंचाळत राही. हे लक्षात आल्यावर भाऊजींनी रात्री बसून वर चढायच्या सगळ्या चौकटी नव्या प्रमाणात खाली आणल्या. वर चढायच्या. खाली उतरायचा तक्ता वेगळा असतो. तो दुसऱ्या पानावर असतो.

त्याच सुमारास आम्ही मायलनच्या ड्रॅग स्ट्रिपवर गेलो. सरळ पाव मैल, म्हणजे १३२० फूट, दिवा हिरवा झाला की पळायचं. शेवटी एका खिडकीतून वेळेची चिठ्ठी मिळते. पहिल्या ६० फुटांना किती वेळ, ३३० ला किती, शेवटी किती. शाळेच्या प्रगतिपुस्तकात एवढा तपशील नसे. दुपारच्या उन्हात भाऊजींना १४.०२ सेकंद लागले. त्यांनी लॅपटॉप उघडून दुसऱ्या गिअरचा आकडा ५० आरपीएमने वाढवला आणि दिवस कलल्यावर पुन्हा पळाले. १३.९४. भाऊजींच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी त्यांच्या लग्नातही पाहिलेलं नाही. शेजारचे आजोबा सोबत होते. ते हळूच म्हणाले, की ऊन उतरलं, हवा थंड आणि दाट झाली, अशा हवेत काहीही न करता सगळ्याच गाड्या जोरात पळतात. भाऊजी त्या वेळी चिठ्ठीचा फोटो काढत होते. ती चिठ्ठी अजून फ्रिजवर आहे, लोहगडाच्या चुंबकाखाली.

आणि मग ऑगस्टातला तिसरा शनिवार आला. या दिवशी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ भरते. १९९५ पासूनची प्रथा. साठच्या दशकात पोरं याच रस्त्यावर सिग्नल ते सिग्नल शर्यती लावत, त्याची आठवण म्हणून जुन्यानव्या जोरकस गाड्या हजारोंनी पॉन्टिॲकपर्यंतच्या या रस्त्यावर उतरतात. लोक फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून दिवसभर बघत बसतात. आणि एवढ्या गाड्या एका रस्त्यावर आल्यावर जे व्हायचं तेच होतं. पुढे-मागे पाचपाचशे हॉर्सपॉवर, आणि वेग गणपतीच्या मिरवणुकीपेक्षा जरासा बरा. वर्षभर ज्यांनी तिसरा गिअर कुठे पडावा यावर रात्री जागवल्या, त्यांना इथे दुसराही धड मिळत नाही.

भाऊजींना दुसरा मिळत होता. फार मिळत होता. वेग १० झाला, की वरचा तक्ता म्हणे दुसरा टाक. खालच्या, न बदललेल्या तक्त्यात लिहिलेलं, की ११ च्या खाली पहिलाच हवा. त्यात भाऊजींनी गिअर कसे ‘मर्दासारखे’ पडावेत म्हणून तेलाचा दाबही वाढवून ठेवलेला. गाडी दुसरा टाकी, लगेच पहिला टाकी, आणि प्रत्येक वेळी ताईच्या मांडीवरचा कोथिंबीरवड्यांचा डबा एक इंच उडे. ही तक्रार ताईने आधीही केली होती. तिने सांगितलं होतं, की पस्तिशीच्या रस्त्यावर गाडी तिसऱ्या-चौथ्यात उचक्या देते. तेव्हा भाऊजी म्हणाले होते, “त्याला फर्म शिफ्ट म्हणतात.” वुडवर्डवर मान हलवत हलवत चाललेली ती कॅमेरो बघून खुर्च्यांवरच्या लोकांना वाटलं, की हे अस्सल रेसचं जनावर आहे, याला हळू चालणं सोसत नाही. ते अंगठे दाखवत होते, टाळ्या वाजवत होते. भाऊजी हात हलवून प्रतिसाद देत होते.

“अहो,” ताई म्हणाली, “टाळ्या कशाला वाजवतायत ते?”

“ट्यूनिंगला.”

घरी आल्यावर ताईने चप्पल काढली नाही. गाडीची किल्ली मागून घेतली आणि भाऊजींना लॅपटॉपसकट शेजारच्या सीटवर बसवलं. मी मागे, म्हणजे कॅमेरोत जी मागची सीट समजली जाते तिथे, गुडघे कानाशी घेऊन. ताई आपली नेहमीसारखी चालवू लागली. पाय दहा-पंधरा टक्के, चढ आला तर वीस. जिथे तिच्या कानाला वाटे, की इंजिन आता पुरे म्हणतंय, तिथे ती म्हणायची, “हं, इथे मी दुसरा टाकला असता.” भाऊजी वेग लिहून घेत. “इथे तिसरा. नाही, आत्ता नाही, पुढे वळण आहे, वळणात कशाला चौथा टाकायचा?” भाऊजी सांगू लागले, की तक्त्याला वळण दिसत नाही. ताई म्हणाली, “मला दिसतं ना. मग जरा उशिरा टाकायला सांगा त्याला.” मग उतरण्याचे आकडे. चढताना जिथे टाकला त्याच्या बऱ्याच खाली येईपर्यंत तो सोडायचा नाही, असं तिचं म्हणणं. “घेतलेला गिअर असा लगेच टाकून देत नाहीत,” एवढंच तिचं शास्त्र. त्याला इंजिनिअर हिस्टरेसिस म्हणतात, हे भाऊजींनी मला मागे वळून सांगितलं. ताईला सांगितलं नाही.

रात्री भाऊजींनी ते आकडे तक्त्यात भरले आणि सहज म्हणून कंपनीचे मूळचे आकडे नव्या ॲक्सलच्या हिशेबात आणून शेजारी मांडले. चौथ्या गिअरला ताई कंपनीपेक्षा थोडी उशीर करते. बाकी फरक असा, की चष्मा लावून शोधावा लागला. तेलाचा दाबही गुपचूप मूळ जागी गेला. शंभर टक्क्यांचा रकाना भाऊजींनी स्वतःचा ठेवला, त्याला कोणी हात लावायचा नाही. ताईलाही लावायचा नव्हता.

गाडी आता लोण्यासारखी चालते. ही बातमी मंडळात पसरायला वेळ लागला नाही. पुढच्या जेवणात सगळे जमले. भाऊजींनी लॅपटॉपवर आलेख काढून आणले होते आणि ‘पार्शियल थ्रॉटल कॅलिब्रेशन’ हा विषय वीस मिनिटं समजावून सांगितला. ताई आतल्या खोलीत पोळ्या गरम करत होती. आमटीवाल्या गृहस्थांनी आलेख नीट निरखला, भाऊजींकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे बघितलं आणि वाटी पुढे केली. फोमवाल्यांनी ते आकडे कागदावर उतरवून घेतले. रबरवाल्यांना धीर नव्हता. ते म्हणाले, “वहिनींची ती फाईल मला आजच मेल करा, रात्रीच टाकतो गाडीत.”

त्यांची गाडी फोर्डची आहे.